गाजर गवताची तारीख

ऑगस्टमध्ये चार दिवस गावी जाऊन आलो. गाव पुरंदर तालुक्यातलं, कऱ्हेच्या बाजूचं. जमीन आता चुलतभाऊच बघतो, आम्ही पुण्याची मंडळी सणासुदीला तिथे उगवतो. (तणासारखी, असं वहिनी म्हणते. तोंडावर म्हणत नाही, एवढंच.) पावसानं उघडीप दिली होती म्हणून विहिरीपलीकडच्या पडीक तुकड्यातलं गाजर गवत उपटायचं ठरलं. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे शर्ट, तोंडाला फडकी, असा सगळा सरंजाम. गवत उपटायला एवढं कशाला, असं वाटेल. ते पुढे येईलच.

आम्ही उपटत होतो आणि पुतण्याची मुलगी बांधावर वही घेऊन बसली होती. ती सातवीत आहे. शाळेत तिला परदेशातून आलेल्या वनस्पतींवर प्रकल्प दिलाय, त्यात माहितीचा एक तक्ता भरायचा आहे. तिनं विचारलं, "आजोबा, हे गवत इकडं कुणी आणलं?"

हे उत्तर मला पाठ आहे. मी हातातली झाडं खाली न ठेवताच सांगितलं, "अमेरिकेनं. पीएल ४८० च्या गव्हातून आलं." आमच्या वयाच्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, हेच सांगेल. वर रेशनच्या लाल मिलो ज्वारीची आठवणही सांगेल, तिच्या भाकरीला घशाखाली उतरवायला काय करावं लागायचं तेही सांगेल.

"कुठल्या साली?"

"असेल साठ-पासष्टच्या सुमाराला."

तिनं लिहून घेतलं. संध्याकाळी ओट्यावर चहा पीत बसलो होतो तर ही फोन घेऊन समोर उभी. "आजोबा, पुण्यात तर ते १९५५ सालीच सापडलं होतं असं इथं लिहिलंय. आणि पीएल ४८० चा भारताशी करार झाला १९५६ ला. मग?"

मग काय! मी म्हटलं, बघून सांगतो. चाळीस वर्षं ठामपणे सांगत आलेली गोष्ट सातवीतल्या पोरीनं दोन तारखा शेजारी ठेवून मोडली, याचा मला जरा रागच आला होता, खोटं कशाला बोलू. पुण्याला परतल्यावर दोन आठवडे त्याच नादात होतो. जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय. नातेवाइकांपैकी जे हे वाचतील त्यांना अण्णाकाकांची आठवण येईल, त्यांच्यासाठी तर लिहायलाच हवं.

आधी झाडाची ओळख. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, लिनियसनं १७५३ साली दिलेलं. सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्या कुळातलं. मूळ घर मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा प्रदेश. पानं गाजराच्या पानांसारखी म्हणून गाजर गवत, पण ते गाजरही नाही आणि गवतही नाही. पांढऱ्या बारीक फुलांवरून काही ठिकाणी चटकचांदणी म्हणतात. इतकं गोड नाव इतक्या वाईट झाडाला कुणी दिलं असेल? आणि सगळीकडे चालणारं नाव म्हणजे काँग्रेस गवत. याची दोन स्पष्टीकरणं ऐकली आहेत. एक, पांढरी फुलं रानभर पसरली की पांढऱ्या टोप्यांची सभा भरल्यासारखी दिसते. दुसरं, ते काँग्रेसच्या राज्यात आयात गव्हाबरोबर आलं. माझ्या एका मित्राचं तिसरंच म्हणणं आहे, की पीएल ४८० हा कायदा अमेरिकेच्या काँग्रेसचा, म्हणून काँग्रेस गवत. हे त्यानं स्वतः रचलं असावं. पण तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. झाडाला नाव देतानाच लोकांनी आरोपीचंही नाव लिहून टाकलं.

आता तारखा.

पीएल ४८० हा कायदा आयझेनहॉवर यांनी जुलै १९५४ मध्ये सही करून लागू केला. अमेरिकेत गव्हाचे ढीग साठले होते, ते गरजू देशांना त्यांच्याच चलनात विकायचे, अशी योजना. भारताशी पहिला करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये. आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आर. एस. राव यांचं टिपण आलं तेही १९५६ सालीच. हे राव भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे. पुण्यात उकिरड्यांवर तुरळक उगवलेलं एक झाड त्यांना दिसलं, त्यांनी ओळखलं आणि 'भारतासाठी नवी नोंद' म्हणून छापलं. झाड त्यांना दिसलं १९५५ मध्ये. त्याच्याही आधी १९५१ साली प्रा. परांजपे यांना पुण्यात एखाददुसरं झाड दिसलं होतं, असा उल्लेख नंतरच्या लिखाणात सापडतो. म्हणजे करार कागदावर यायच्या आधी झाड पुण्याच्या उकिरड्यावर हजर होतं.

मग गव्हाची गोष्ट खोटी? तसंही म्हणता येत नाही. कारण १९५१ मध्ये देशात धान्याची भयंकर टंचाई होती आणि त्या जूनमध्ये ट्रुमन यांनी सही केलेल्या वेगळ्याच कायद्यानं भारताला १९ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं, धान्यासाठी. साधारण २० लाख टन. तेही अमेरिकन धान्यच. त्यातून बी आलं असणं अगदी शक्य आहे. पीएल ४८० हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते पुढे, साठीच्या दशकातल्या दुष्काळांत, जेव्हा बोटीमागून बोट गहू येत होता आणि देशाला त्याची लाजही वाटत होती. मग त्याआधीचं सगळं अमेरिकन धान्य आठवणीत त्याच एका पोत्यात भरलं गेलं. आठवण अशीच काम करते, तिला तारखांचं ओझं होत नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पुढे वाचलं तर १८१४ साली छापलेल्या रॉक्सबर्गच्या 'हॉर्टस बेंगालेन्सिस'मध्ये, म्हणजे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या झाडांच्या यादीत, हे नाव आहे! आणि डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहात १८८० सालचा, ब्रँडिस यांनी गोळा केलेला एक वाळवलेला नमुना आहे. म्हणजे हे झाड इंग्रजांच्या काळातच एकदा, कदाचित दोनदा, इथे येऊन गेलं. पण तेव्हा ते पसरलं नाही. बागेतून बाहेर पडलं नाही, किंवा पडलं आणि मेलं. पुण्यात मात्र पसरलं. का? याचं उत्तर कुणाच्या पोत्यातून आलं यात नाही, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "अरे ते पानशेतच्या पुरानं पसरलं. आम्ही डोळ्यांनी बघितलंय." आत्याचं वय नव्वदीकडे झुकलंय, तिच्याशी वाद घालत नाही. पण पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, पाणी मुठेनं खाली मुळा-मुठेत आणि पुढे भीमेत गेलं. कऱ्हेच्या खोऱ्यात यायला त्याला दिवे घाट चढावा लागला असता.

गंमत म्हणजे दुसऱ्या देशांतही असंच आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये हे झाड पहिल्यांदा दिसलं ते १९५५ मध्येच, आणि तिथे बोट दाखवतात ते दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विमानांच्या सामानाकडे. पुढे १९६० मध्ये टेक्सासहून आणलेल्या गवताच्या बियाण्यातून ते तिथे पुन्हा शिरलं आणि ती दुसरी खेप खरी पसरली. इथिओपियात काही जण मदतीच्या धान्याचं नाव घेतात, काही जण सोमालियाच्या लढाईत आलेल्या लष्करी गाड्यांचं. तिथल्या ओरोमो भाषेत याला फरमसिसा म्हणतात, त्याचा अर्थ साधारण 'जमिनीवर पाणी सोडून सही करून दे' असा सांगतात. आपल्या काँग्रेस गवतापेक्षा हे नाव मला जास्त खरं वाटलं. त्यात आरोपी नाही, झालं काय ते आहे.

आणि आमच्या घरात झालं तेच.

अण्णाकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वडील नोकरीसाठी पुण्यात आले, काका जमिनीवर राहिले. अंजिराची बाग त्यांनी लावलेली, बांधावर सीताफळं, पावसाळ्यात वाटाणा. १९७६ च्या पावसाळ्यात त्यांच्या पापण्या सुजल्या, मानेला आणि कोपराच्या खोबणीत खाज सुटली. सगळ्यांनी म्हटलं उष्णता. कडुनिंब झाला, गोमूत्र झालं. दिवाळीपर्यंत ओसरलं. पुढच्या पावसाळ्यात परत. तिसऱ्या वर्षी ओसरलंच नाही. चेहऱ्याची कातडी जाड होत गेली, कपाळावर घड्या पडल्या, कानाच्या पाळ्या जाड झाल्या. ज्यांनी त्यांना त्या काळात पाहिलं त्यांना आठवत असेल. गावात कुजबुज सुरू झाली की हा महारोग आहे. तालुक्याच्या एका डॉक्टरांनीही आधी तीच शंका घेतली आणि ती बाहेर फुटली. काकांच्या थोरल्या मुलीचं जमत आलेलं लग्न त्यात मोडलं. काका कुणाच्या दारात जाईनासे झाले. पंगतीत शेवटच्या पानावर बसायचे, नंतर तेही नाही.

मग वडील त्यांना पुण्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन आले. तिथे पाठीवर वेगवेगळ्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी काढल्या. एका पट्टीखालची जागा लालभडक, पाणी धरलेली. डॉक्टरांनी विचारलं, "शेतात गाजर गवत आहे का?" काका म्हणाले, "शेतात दुसरं आहेच काय?"

पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांना हा आजार तोपर्यंत चांगला ओळखीचा झाला होता. साठीच्या दशकाच्या शेवटापासून त्यावर ते लिहीत होते. या झाडात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. झाडाला हात लावलाच पाहिजे असं नाही. वाळलेल्या झाडाचा चुरा, पानांवरची बारीक लव वाऱ्यानं उडते आणि उघड्या अंगावर बसते, म्हणून चेहरा, मान, हात. सगळ्यांना होत नाही. पण वर्षानुवर्षं संपर्क आला की काहींच्या शरीराचा तोल जातो आणि एकदा गेला की बहुतेक तो परत येत नाही. शेतात राबणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांना जास्त. अगदी काकांचंच वर्णन.

मुंबईला आत्याकडे महिनाभर ठेवलं की काका बरे व्हायचे. चेहरा ओळखू यायचा. गावच्या एस.टी.तून उतरले की तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी आराम पडायचा, पण त्यांनी साखर वाढली, हाडं ठिसूळ झाली. १९८३ मध्ये ते जमीन मुलाच्या हाती देऊन पुण्याला आमच्याकडे आले ते कायमचे. अंजिराची बाग पुढे दोन वर्षांत गेली. २००४ मध्ये ते वारले. शेवटपर्यंत बाल्कनीत बसून म्हणायचे, "अमेरिकेनं घात केला." आम्हीही हो म्हणायचो. मी पीएल ४८० ची गोष्ट पाठ केली ती तिथे, त्या बाल्कनीत.

म्हणून तारखांनी मला अस्वस्थ केलं. अमेरिकेचा घात म्हटला की गोष्ट १९५५ लाच संपते. पण गोष्ट तिथे सुरू होते.

बघा ना, १९५५ साली झाड उकिरड्यावर तुरळक होतं. नाव माहीत होतं, ठिकाण माहीत होतं, छापून आलं होतं. दहा माणसं दोन रविवार लावली असती तर... हा विचार सोपा आहे, कबूल. पुण्यातला प्रत्येक उकिरडा कुणी तपासणार होतं थोडंच. पण मुद्दा असा की ते काम कुणाचंच नव्हतं. वनस्पतीशास्त्रज्ञाचं काम नोंद करणं, ते त्यांनी चोख केलं. आयातीवर लक्ष ठेवायला १९१४ चा विनाशकारी कीड कायदा होता, पण त्याची नजर नावाप्रमाणे किडींवर आणि रोगांवर. उकिरड्यावरचं एक झाड कुणाच्या टेबलावर जाणार? १९६८ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले डॉ. वर्तक (माधव गाडगीळांबरोबर देवरायांचा अभ्यास करणारे) यांनी लेख लिहिला, तो होता महाराष्ट्रातल्या पिकांना आणि कुरणांना धोका झालेल्या तणाविषयी. उकिरड्यावरून कुरणापर्यंत, तेरा वर्षांत. माझ्यासाठी या सगळ्या इतिहासात ही तेरा वर्षं सगळ्यात महत्त्वाची आहेत आणि त्यांच्याबद्दल कुणी काही सांगत नाही, कारण त्यात खलनायक नाही.

तेरा वर्षांत हे जमलं कसं, ते झाडाकडे बघितलं की कळतं. एका मोठ्या झाडाला १५ ते २५ हजार बिया. ओल मिळाली की कुठल्याही महिन्यात उगवतं, चार ते सहा आठवड्यांत फुलतं, वर्षात तीन पिढ्या सहज. गुरं तोंड लावत नाहीत, चुकून खाल्लंच तर दूध कडवट लागतं. मुळांतून आणि कुजणाऱ्या पानांतून अशी द्रव्यं सोडतं की शेजारी दुसऱ्याचं बी नीट उगवत नाही. मेक्सिकोत त्याला खाणाऱ्या किडी आहेत, रोग आहेत, इथे कुणीच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला लागते ती मोडलेली, उकरलेली, उघडी माती. जिथे कुसळी, पवना, मारवेल यांचं दाट गवत टिकून आहे तिथे त्याला शिरायला जड जातं. आपण त्या काळात काय करत होतो? रस्ते, कालवे, वसाहती, रेल्वेच्या कडेची भरावं, १९७२ च्या दुष्काळात तर गावोगाव माती उकरण्याचीच कामं. ट्रकच्या चाकांतला चिखल, वाळू, शेणखत, यांतून बी गेलं. आमच्या गावी नेमकं दुष्काळी कामाच्या रस्त्यानं आलं असावं हा माझा तर्क, पुरावा नाही. चुलतभाऊ मात्र म्हणतो की आधी रस्त्याच्या कडेला दिसलं, मग गायरानात, मग आमच्यात.

गायरानात गेलं याची किंमत फार मोठी होती. तिथे गवत होतं तोवर गावातल्या भूमिहीन माणसाची शेळी जगत होती.

परकं आहे म्हणून वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. काकांच्या बांधावरची सीताफळंही मूळची अमेरिकेकडचीच. मिरची तिकडची, भुईमूग तिकडचा. आमच्या घरातला ठेचा तर पूर्ण परदेशी म्हणायला हवा.

आता बंदोबस्ताचं. आमच्या शाळेनं १९७४-७५ च्या आसपास श्रमदान ठेवलं होतं. आम्ही दीडशे पोरं, उघडे हात, अर्ध्या चड्ड्या. फुललेली झाडं उपटून रस्त्याच्या कडेला ढीग लावले, फोटो काढला, घरी गेलो. पुढच्या पावसाळ्यात ढिगांच्या जागी इतकं गवत होतं की मास्तर दुसऱ्या वाटेनं यायला लागले. म्हणजे आम्ही बी पेरून आलो होतो! कर्नाटकानं १९७५ मध्ये याला कायद्यानं उपद्रवी तण ठरवलं, जमीनमालकानं ते काढलंच पाहिजे अशी तरतूद केली. पण ते सगळ्यात जास्त माजतं रस्त्याच्या कडेला, रेल्वेच्या जागेत, रिकाम्या सरकारी प्लॉटवर. तिथला मालक कोण आणि त्याला दंड कोण करणार? तणनाशकं आहेत, ग्लायफोसेट आहे, २,४-डी आहे, पडीक जागेवर कडक मिठाचं पाणी मारणारेही आहेत. मारलं की जळतं. मातीतलं बी पुढच्या सरीची वाट बघत राहतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला भाग भुंग्याचा. बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेत १९८३ मध्ये मेक्सिकोहून एक छोटा भुंगा आणला, झायगोग्रामा बायकोलोराटा. सहा मिलिमीटरचा, दुधी रंगावर तपकिरी पट्टे. आधी त्याला आपली पिकं देऊन पाहिली, तो खातो का ते तपासलं, मग १९८४ मध्ये बाहेर सोडला. पहिली काही वर्षं काहीच नाही. मग एकदम संख्या वाढली आणि पावसाळ्यात झाडांचे नुसते सांगाडे उभे राहायला लागले, मोकळ्या जागेत दुसरी झाडं परत दिसायला लागली.

नव्वदीच्या सुरुवातीला बोंब झाली की भुंगा सूर्यफूल खातोय. कुळ एकच, त्यामुळे भीती खोटी नव्हती. सरकारनं समिती नेमली, भुंगा सोडण्याचं काम काही काळ थंडावलं. शोधल्यावर कळलं की शेजारच्या गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर बसले होते, त्या वासानं भुंगे पानं कुरतडत होते. त्यावर त्यांचा वंश काही नीट चालत नव्हता. ही चौकशी होईपर्यंत शेतकऱ्यांनी विश्वास का ठेवावा, असंही मला वाटतं. एकदा बाहेरून आलेल्या पाहुण्यानं हात पोळलेले, दुसरा पाहुणा त्याच गावचा! आणि संस्थेनं दरवेळी होच म्हटलं असंही नाही. झाडाच्या खोडात गाठी करणारा एक पतंग ऑस्ट्रेलियात उपयोगी पडला होता. तो इथे १९८५ मध्ये आणला, तपासताना लक्षात आलं की तो कारळ्यावरही वाढतो, तेव्हा सगळी पैदास नष्ट केली. कारळ्याची चटणी खाताना मी आता त्या अनाम निर्णयाला मनातल्या मनात नमस्कार करतो. १९५५ मध्ये नव्हतं ते हेच. आधी विचारणारं कुणीतरी.

भुंग्याचीही मर्यादा आहे. तो पावसाळ्यात काम करतो, थंडीत आणि उन्हाळ्यात मातीत झोपून राहतो. गवताला झोप नाही. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकारानं दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह होतो. चांगलंच आहे, पण जूनच्या पहिल्या पावसाला उगवलेलं झाड तोवर फुलून गेलेलं असतं. आमच्याकडे तरी. मला विचाराल तर सप्ताह जुलैत हवा, आणि मोजे वाटायला हवेत.

आमचा तुकडा त्या दिवशी चारपर्यंत होत आला. फुलं न आलेली झाडं खड्ड्यात टाकली कंपोस्टसाठी, फुललेली वेगळी काढली जाळायला. विहिरीच्या कडेची पाच-सहा झाडं राहिली होती. मी हात घालणार तर चुलतभाऊ ओरडला, "ती राहू दे. भुंगं लागल्यात." वाकून बघितलं, पानांची चाळण झाली होती आणि पट्टेवाले दोन-तीन भुंगे शेंड्याला बसलेले. ही झाडं त्यानं मुद्दाम ठेवलीत, दरवर्षी ठेवतो. अण्णाकाकांच्या मुलानं गाजर गवत राखलंय, हे काकांना बघायला मिळालं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

नातीला मी फोन करून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तक्त्यात जागा एकच ओळ आहे. 'भारतात कोणी आणले' या रकान्यात तिनं लिहिलं, 'नक्की माहीत नाही. पुण्यात १९५५ साली उकिरड्यावर दिसले. कोणी उपटले नाही.' परवा प्रकल्प तपासून आला. त्या ओळीवर काट मारून बाईंनी लाल शाईनं लिहिलंय, 'पीएल ४८० गहू', आणि अर्धा गुण कापलाय. पोरगी माझ्यावर चिडलेली आहे.